गरज आरशात दिसत नाही

वेडेवाकडे दात सरळ करणं हे माझं रोजचं काम. शाळांमधल्या तपासणीला गेले की सातवी-आठवीच्या वर्गांत मुलांनी आधीच निकाल लावलेला असतो. ‘मॅडम, हिला तार लावा,’ म्हणत सगळे एकीकडे बोट दाखवतात.

अशीच एक मुलगी तोंडावर हात धरून पुढे आली. वरचा एक पटाशीचा दात किंचित वळलेला. तिला मागच्या दाढा मिटायला सांगितल्या. वरचे-खालचे दात नीट बसत होते, जबडा मिटताना कुठे सरकत नव्हता. दात ओळीतून सरकला होता जेमतेम दीड मिलिमीटर.

त्याच वर्गात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. पांढरेशुभ्र, सरळ दात. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण वरचा डावा सुळा अजून दुधाचाच होता. हिरडीवरून बोट फिरवलं, तर उजवीकडे लागतो तसा मुळाचा उंचवटा डावीकडे लागेना. एक्स-रे काढल्यावर दिसलं, की पक्का सुळा टाळूत आडवा अडकून शेजारच्या दाताच्या मुळाला टेकला होता. असा सुळा त्या मुळाची झीज करू शकतो, आणि तेही मुलाला काही न दुखता. नऊ-दहाव्या वर्षी हे लक्षात आलं, तर पुष्कळदा दुधाचा सुळा वेळेवर काढल्यानेच पक्क्याला वाट मिळते. या मुलाला मात्र छोटी शस्त्रक्रिया आणि तारा दोन्ही लागणार होत्या.

उपचारांची गरज ठरवायला आम्ही ब्रूक आणि शॉ यांनी 1989 मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेली पद्धत वापरतो. तिच्यात पाच श्रेणी आहेत. न आलेले दात, पुढे आलेले दात, उलटा चावा, सरकलेले दात, खोल चावा हे सगळं पाहून त्यातला सर्वांत गंभीर दोष श्रेणी ठरवतो. वरचे दात सहा मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी, नऊहून जास्त असतील तर पाचवी. कारण असे दात पडल्या-आपटल्यावर लवकर तुटतात. दिसण्याचा विचार दहा छायाचित्रांच्या वेगळ्या मोजपट्टीवर होतो. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने कोणत्या मुलांवर उपचार करायचे, हे याच पद्धतीने ठरतं. या हिशेबात ती मुलगी दुसऱ्या श्रेणीत बसली, मुलगा पाचव्या.

मुलीच्या आईने हळूच विचारलं, ‘पुढे लग्नाच्या वेळी अडणार नाही ना?’ मी म्हटलं, ‘ताई, दातांच्या आरोग्यासाठी हिला तारांची गरज नाही. तिला स्वतःला खुपत असेल, तर मोठी झाल्यावर ती ठरवेल. हिरड्या निरोगी असल्या की मोठ्या वयातही दात हलवता येतात.’ मुलाच्या वडिलांना उलट समजवावं लागलं. न दुखणाऱ्या, न दिसणाऱ्या दातासाठी एवढा खर्च कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. एक्स-रे उजेडात धरून मुळाला टेकलेलं टोक दाखवलं, तेव्हा ते तयार झाले.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांचे दात एकदा दाखवा, नवव्या-दहाव्या वर्षी सुळ्यांची चौकशी करा. तारा सुचवल्या, तर कोणत्या दोषासाठी आणि थांबलं तर काय बिघडेल, हे जरूर विचारा. ज्या मुलाला गरज आहे त्याला उपचार वेळेत मिळावेत, आणि ज्या मुलीला नाही तिला निर्धास्तपणे हसता यावं.