तूर पर्वतावरचे चर्च आणि मशीद

कुरआनमध्ये ज्या मोजक्या ठिकाणांची शपथ आली आहे, त्यांत तूर पर्वत आहे. सूरह तीनमध्ये अंजीर, जैतून आणि मक्का शहर यांच्याबरोबर त्याचे नाव येते. इजिप्तमधल्या सीना द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात २२८५ मीटर उंचीचा एक पर्वत आहे. त्याला तिथले लोक ‘जबल मूसा’, म्हणजे मूसांचा डोंगर म्हणतात. हजरत मूसा (अ.) यांना अल्लाहशी बोलण्याचा मान इथेच मिळाला, असे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही शतकानुशतके मानत आले आहेत. म्हणूनच माथ्यावर दोन लहान इमारती आहेत, एक दगडी चर्च आणि त्याच्या शेजारी त्याहून लहान मशीद.

आपल्याकडचे लोक उमराहला जोडून मिस्रला जातात तेव्हा काहिरा, पिरॅमिड, अल-अजहर आणि इमाम शाफई (रह.) यांची कबर पाहून परततात. आम्ही तीन दिवस वाढवून सीनाला जायचे ठरवले, तेव्हा घरात थोडी कुरबुर झाली. एका नातेवाइकांनी फोनवर विचारले, ‘‘उमराह करून आल्यावर चर्च बघायला डोंगर चढणार?’’ अम्मी चौसष्ट वर्षांच्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘डोंगर मूसा नबींचा आहे. वर चर्च असेल तर असू दे. ज्यांनी बांधले त्यांनाही नबींचीच ओढ होती ना?’’ विषय तिथेच संपला. प्रश्न उरला तो अम्मींच्या गुडघ्यांचा.

काहिराहून सेंट कॅथरीन या गावी जायला मोटारीने सहा-सात तास लागतात. सुएझ कालव्याखालच्या बोगद्यातून गाडी आशिया खंडात येते आणि मग वाळू आणि लालसर डोंगर यांच्याशिवाय काही दिसत नाही. वाटेत तपासणी नाकी बरीच आहेत, पासपोर्ट हाताशी ठेवावा लागतो. समुद्रकाठच्या शर्म अल-शेखहून आले तर साधारण तीन तास पुरतात. ज्या मठापासून चढाई सुरू होते तो मठच समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून थोडेसेच खाली. तिथून वर आणखी सातशे मीटर चढायचे. हिवाळ्यात रात्री पाणी गोठते, कधी बर्फही पडते. लोकरी टोपी, हातमोजे आणि चांगले बूट नसतील तर हौस तिथेच संपते.

डोंगरावर जबालिया या बदू टोळीचा वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. आमचा वाटाड्या पंचविशीतला, कमी बोलणारा. रात्री एक वाजता आम्ही निघालो. वर जायला दोन वाटा आहेत. एक उंटांची, वळणे घेत हळूहळू चढणारी. दुसरी पायऱ्यांची, सरळ आणि दमछाक करणारी. या पायऱ्या ३७५० आहेत असे सांगतात. राहिबांनी, म्हणजे ख्रिस्ती साधूंनी, त्या रचल्या. ‘तौबेच्या पायऱ्या’ हे त्यांचे नाव. आम्ही चढायला उंटांची वाट धरली आणि अम्मींसाठी एक उंट ठरवला. आभाळ इतके स्वच्छ होते की विजेरी बंद केली तरी वाट दिसत होती. वाटेत बदूंच्या दगडी झोपड्या आहेत, तिथे चहा मिळतो. मागेपुढे विजेऱ्यांच्या रांगा होत्या आणि निरनिराळ्या देशांतले ख्रिस्ती यात्रेकरू मुकाट्याने चालत होते.

दोन अडीच तासांनी उंट थांबतो. तिथून माथ्यापर्यंत सुमारे साडेसातशे पायऱ्या उरतात आणि त्या सगळ्यांना पायीच चढाव्या लागतात. दगड ओबडधोबड, एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी. आम्ही अम्मींना म्हणालो, ‘‘तुम्ही इथे चहाच्या झोपडीत बसा, आम्ही जाऊन येतो.’’ त्यांनी वाटाड्याला खुणेने विचारले, फजरला किती वेळ आहे? त्याने घड्याळ दाखवले. ‘‘मग वेळ आहे,’’ असे म्हणून त्या उठल्या. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबायचे, दरूद पढायचा, पुन्हा चढायचे. वाटाड्या त्यांना ‘या हज्जा’ म्हणत एकेका पायरीवर हात देत होता. आमच्या मनात एकच धाकधूक, चढता चढता काही झाले तर खाली कसे न्यायचे? मध्ये एकदा त्या बराच वेळ बसून राहिल्या. आम्ही परत फिरू या म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘‘फजरची वेळ झाली की जिथे असू तिथे पढू. पोहोचलोच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? पण पाय चालतात तोवर चालू.’’ त्यानंतर आम्ही घाई करणे सोडून दिले आणि चढण थोडी सोपी झाली.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा पूर्वेला फिकट पट्टा उमटला होता. समोर चर्चची काळपट लाल भिंत. राहिबांनी इथे फार जुन्या काळापासून प्रार्थनेची जागा केली होती. सहाव्या शतकात रोमचा बादशाह जस्टिनियन याने माथ्यावर मोठे चर्च बांधवले. ते पडले. आजचे चर्च १९३४ साली त्याच पडक्या चर्चचे दगड वापरून उभे केले आहे. ते बहुधा कुलूपबंद असते, त्यामुळे भिंतीला हात लावून बाहेरूनच पाहावे लागते. जुन्या कोरीव कडा असलेले मोठे दगड खालच्या थरांत सहज ओळखू येतात. मशिदीखाली एक लहान गुहा दाखवतात. हजरत मूसा (अ.) चाळीस रात्री तिथे राहिले अशी श्रद्धा आहे.

माणसांची दाटी होती. बाटलीतल्या बर्फासारख्या पाण्याने वुजू केला आणि चर्च व मशीद यांच्या मधल्या सपाट खडकावर जागा मिळाली. इथून किबला आग्नेयेला, म्हणजे उगवतीच्या थोडा उजवीकडे. शेजारी यात्रेकरूंचा एक जथा त्यांच्या भाषेत भजन म्हणत होता. आम्ही सफ धरून उभे राहिलो तशी त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईने बाकीच्यांना हाताने खूण केली. आवाज थांबला. आम्ही सलाम फेरेपर्यंत ते सगळे गप्प बसून राहिले आणि मग पुन्हा गाऊ लागले. अम्मी तिथेच बसून ऐकत राहिल्या. दुआ संपल्यावर त्यांनी पिशवीतल्या मदीन्याच्या खजुरा काढून त्या बाईपुढे धरल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता.

सीरतच्या ग्रंथांत येते की नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीन्यात आले आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिद-ए-नबवीतच प्रार्थना करू दिली. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या खडकावर तिचा अर्थ दुसऱ्या बाजूने समजला. आपल्या इबादतीसाठी कोणी आपला आवाज थांबवतो तेव्हा काय वाटते, ते आम्हाला त्या दिवशी कळले.

सूर्य वर आला तसे चहूबाजूंचे उघडे डोंगर लाल झाले. हजरत मूसा (अ.) यांनी अल्लाहचे दर्शन मागितले, तेव्हा अल्लाहच्या तेजाने पर्वताचा चुरा झाला आणि मूसा बेशुद्ध पडले, हा सूरह आराफमधला प्रसंग आम्ही मुलांना तिथे बसून सांगितला.

उतरताना अम्मी उंटाच्या वाटेने गेल्या. आम्ही काही जण पायऱ्यांनी उतरलो. त्या वाटेवर दगडी कमान लागते. सहाव्या शतकात स्टीफन नावाचा राहिब तिथे बसत असे आणि वर जाणाऱ्यांची पापांची कबुली ऐकून मगच त्यांना सोडत असे, असे सांगतात.

पायथ्याचा सेंट कॅथरीन मठही जस्टिनियननेच बांधवला. भोवती ग्रॅनाइटची उंच तटबंदी आहे. कित्येक शतके तिला वापरातले दारच नव्हते, माणसे आणि सामान टोपलीत बसवून दोराने वर ओढून घेत. मठाच्या ग्रंथालयात जगातली अतिशय जुनी ख्रिस्ती हस्तलिखिते आहेत, शेकडो अरबी हस्तलिखितेही आहेत. २००२ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हटले. ज्या झुडपात मूसांना आग दिसली ते झुडूप मठात दाखवतात. तिथल्या प्रार्थनागृहात जोडे काढूनच जातात, कारण मूसांनाही तोच हुकूम झाला होता.

आणि या मठाच्या तटाच्या आत मशीद आहे. फातिमी काळातली. तिच्या लाकडी मिंबरवर हिजरी ५००, म्हणजे इ.स. ११०६ ची नोंद आहे. चर्चचा घंटामनोरा आणि मशिदीचा मनोरा जवळजवळ उभे दिसतात. मठात एका अहदनाम्याची प्रत जपून ठेवली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या राहिबांना जीव, मालमत्ता आणि प्रार्थनास्थळे यांच्या संरक्षणाचे वचन दिले, असे तो सांगतो. त्यावर हाताच्या पंजाचा ठसा काढलेला आहे. मूळ लेख १५१७ मध्ये उस्मानी सुलतान सलीम याने इस्तंबूलला नेला, असे मठाची परंपरा सांगते. हा दस्तऐवज अस्सल आहे की नंतरच्या काळातला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मुसलमान राज्यकर्त्यांनी मठाला संरक्षणाची फर्माने दिली आणि मठ टिकला, हा इतिहास आहे.

जबालियांची कथा याच धाग्यातली. जस्टिनियनने मठाच्या राखणीसाठी लोक पाठवले, त्यांचे हे वंशज मानले जातात. पुढे ते मुसलमान झाले, पण राखण सोडली नाही. आजही मठाच्या बागेत, कामांत आणि डोंगरावर तेच राबतात. आम्ही वाटाड्याला विचारले, ‘‘तुम्हाला यात कधी काही वेगळे वाटत नाही?’’ त्याला प्रश्नच नीट कळला नाही. तो म्हणाला, ‘‘माझे आजोबा यांच्याकडे होते, वडील आहेत. शेजारी आहेत आमचे.’’

सध्या मात्र गावात चिंता आहे. सरकारने पर्यटनासाठी मोठी बांधकामे काढली आहेत. मे २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने मठाच्या जमिनींची मालकी सरकारची आणि वापराचा हक्क राहिबांचा, असा निकाल दिल्यावर बरीच खळबळ उडाली. जे वचन शतकानुशतके पाळले गेले, ते आपल्या काळात सैल पडू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. आपल्या मशिदी, दर्गे आणि कब्रस्ताने यांच्यासाठी आपण जगाकडून जे मागतो, तेच तिथले राहिब मुसलमान शेजाऱ्यांकडे मागत आहेत.

ज्यांना जायचे आहे त्यांनी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडावा. मठ सकाळचे थोडे तासच उघडा असतो आणि ठराविक दिवशी बंद असतो, त्यामुळे आधी चौकशी करावी. पाणी, खजूर, जानमाज आणि गरम कपडे बरोबर घ्यावेत. वयस्कर मंडळींना घरी ठेवून जाण्याची घाई करू नये. वेळ हाताशी ठेवला तर तेही पोहोचतात, आणि नाहीच पोहोचले तर नमाज डोंगराच्या कुठल्याही पायरीवर होते.