अडलेले चाक

सतत वापरात असलेली वस्तू झिजते, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु वापरावाचून पडून राहिलेली वस्तूही सुखरूप राहत नाही, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. माळ्यावरची कात्री, परसातली कुदळ, बंद घराचे कुलूप यांना कोणी हात लावीत नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहतील असे वाटते. प्रत्यक्षात हवा आणि ओल यांचे काम अखंड चालूच असते. जुन्या मोटारीचे अडकलेले ब्रेक हे या न दिसणाऱ्या कामाचे उत्तम उदाहरण होय.

अशा मोटारीच्या चाकाला आतल्या बाजूने पसरट डब्यासारखा एक बिडाचा ड्रम जोडलेला असतो. चाकाबरोबर तोही फिरतो. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे वाकलेले दोन ‘शू’ असतात. चालकाने ब्रेक दाबला, की ते बाहेर सरकून ड्रमला आतून भिडतात आणि घर्षणाने चाक थांबते. फ्रान्समधील लुई रेनॉ यांनी १९०२ साली अशा ब्रेकची रचना सिद्ध केली आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारी तिच्याच भरवशावर थांबत राहिल्या.

हीच मोटार हँडब्रेक ओढून वर्षानुवर्षे उभी राहिली, म्हणजे मात्र अनर्थ होतो. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो, आणि तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. ड्रम आणि शू यांच्यामधील बारीकशी फट तो भरून टाकतो. ज्यांनी क्षणभर एकमेकांना धरावयाचे आणि लगेच सोडावयाचे, ते दोघे मग एकमेकांना सोडीतच नाहीत.

कोकणातील एका गावी अशीच एक जुनी अँबॅसडर मोटार गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती. गावोगाव जाऊन रोग्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरांची ती गाडी. डॉक्टर निवर्तल्यावर चार पावसाळे तिच्यावरून गेले. भंगारवाल्याने वजनावर तिची किंमतही करून ठेवली होती. डॉक्टरांच्या मुलीला गाडी विकवेना. परंतु मागची दोन्ही चाके जागची हालत नव्हती. अखेर तालुक्याच्या गावाहून एक वृद्ध मिस्त्री आपल्या शिकाऊ मुलाला घेऊन आले.

त्यांनी आधी पुढच्या चाकांना दगड लावले. मागच्या चाकांचे नट सैल केले, जॅकने गाडी उचलली आणि तिच्याखाली भक्कम लोखंडी टेकू दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहणे त्यांना मंजूर नव्हते. चाक निघाले, ड्रमचे लहान स्क्रूही निघाले. ड्रम मात्र तसूभर हालेना. मुलाचा धीर सुटला. त्याने कोपऱ्यातला घण उचलला.

“मिस्त्रीकाका, एक घाव घालू का? आत्ता सुटेल!”

“सुटेल खरा, पण तुकडे होऊन,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “अरे, हे बीड आहे. घडीव लोखंड घाव बसला तर वाकते, बीड तडकते. या गाड्या निघायच्या बंद झाल्या २०१४ साली. फुटलेल्या ड्रमला दुसरा कोठून आणशील? मग ताईंना ही गाडी भंगारातच घालावी लागेल.”

मुलाने घण खाली ठेवला. मिस्त्रींनी प्रथम हँडब्रेकची तार ढिली केली. वापराने ड्रमच्या कडेला आतून उंचवटा तयार होतो आणि शू त्याला अडकतात. म्हणून मागच्या पत्र्याच्या बाजूने त्यांनी शूही आत घेतले. ड्रम जेथे मधोमध बसतो, तेवढ्याच सांध्यावर त्यांनी पातळ तेलाचे थेंब सोडले. शूवर तेल गेले तर पुढे ब्रेकच लागणार नाही. मग हात पुसून ते म्हणाले, “आता उद्या सकाळी. रात्रभर तेलाला आपले काम करू दे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने ड्रमचा मधला भाग बेताने तापवला. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो, त्यातलेच हे तत्त्व. २० सेंटीमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम १०० अंश सेल्सिअसने तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.२ मिलीमीटरने वाढतो. ही वाढ नखाच्या जाडीहूनही कमी. पण गंजाची पकड ढिली करण्यास तेवढी पुरते. मग मिस्त्रींनी लाकडी मोगरी मुलाच्या हाती दिली. एक ठोका या बाजूला, दुसरा त्याच्या अगदी समोरच्या बाजूला, असे फिरत फिरत हलके ठोके पडू लागले. बराच वेळ काही घडले नाही. मग ठोक्याचा आवाज बदलला. बद्द आवाजाच्या जागी खणखणीत नाद उमटला. तांबूस भुकटी खाली झडली आणि ड्रम केसभर पुढे आला.

आनंदाच्या भरात मुलगा ती भुकटी फुंकणार, तोच मिस्त्रींनी त्याला आवरले. जुन्या शूंच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांना फार घातक ठरते. म्हणून त्यांनी तोंडावर फडके बांधून ओल्या कापडाने सारे अलगद पुसून काढले. दुपारी दुसरे चाक मुलानेच सोडवले. या वेळी त्याने घणाकडे पाहिलेही नाही.

अडलेले काम पाहिले, की मनुष्याला प्रथम आठवते ते बळ. परंतु काय अडले आहे, कोठे अडले आहे आणि का अडले आहे, हे जाणून घेतल्यावाचून लावलेले बळ बहुधा मोडतोडच करते. मिस्त्रींचे हात म्हातारे होते. मुलाच्या दंडात त्यांच्या दुप्पट जोर होता. तरीही गाडी वाचली ती जोराने नव्हे. ठोका कोठे द्यावा हे जितके महत्त्वाचे, तितकेच हात पुसून सकाळची वाट केव्हा पाहावी, हेही महत्त्वाचे. कारागिराच्या विद्येतील हा अर्धा भाग पाहणाऱ्याला दिसत नाही. पण त्याच्यावाचून उरलेला अर्धा भाग व्यर्थ जातो.