सव्वा मूठ

नागपंचमी झाली की श्रावणातल्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई येते. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा आहे, यावलकडे सातपुड्याच्या कुशीत मनुदेवी आहे. चैत्रात धुळे-जळगावचे जथे उन्हातान्हात पायी वणीच्या गडावर निघतात, अठरा हातांच्या सप्तशृंगीला भेटायला. या देवींकडे माणसं जातात. कानबाई मात्र आपण होऊन घरी येते, एक रात्र राहते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते.

धुळ्याच्या देवपुरात वाढलेल्या एका मुलीच्या आठवणीत कानबाई म्हणजे नारळ. वर्षभर देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेला तो नारळ मोठी माय चौरंगावर मांडायची. मग डोळे, कुंकू, खणाचा पदर. नथ शेवटी. शेंडीच्या काथ्यात तिला नेमकी जागा सापडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. नथ बसली की नारळाची बाई झालेली असायची आणि घरातल्या पोरांचे आवाज आपसूक खाली यायचे.

त्याआधी गहू मोजले जात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ: आजोबा, बाप, काका, पाळण्यातला भाऊसुद्धा. त्याच पिठाचे रोट. परातीपुढे ओंजळ धरून तिने एकदा विचारलं, “माझी मूठ?”

“पोरीस्ना नावनं लेतस नही, माय,” मोठी माय म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मूठही पडली नाही.

लग्न होऊन ती जळगावला आली. नारळ बदलला, गव्हाचा हिशेब तोच राहिला. दीर कामाधंद्यासाठी सुरतला आणि पुण्याला गेलेले. दिवाळी एखाद्या वर्षी चुकली तरी रोटांना ते येतातच. ज्याच्या नावाचा गहू, त्याने तो रोट खायला हवा. पौर्णिमेच्या आत रोट संपवायचे आणि ताटं धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही, ही त्या घरची रीत. विखुरलेले भाऊबंद एका चुलीपाशी आणण्याची एवढी ताकद तिने दुसऱ्या कुठल्या सणात पाहिली नाही.

रविवारची रात्र बायकांची. अहिराणी गाणी एकीने उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून 1952 साली पुस्तक झालं. कानबाईची कितीतरी गाणी अजून नुसती तोंडातच आहेत. सासूची दोन गाणी ती गेल्यावर घरात कुणालाच येईनात. ही हळहळ तिला आजही सोडत नाही.

2022 मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला आणि मूळ रूप समोर आलं. गडावर त्या रूपापुढे ती बराच वेळ उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या लेप चढत गेलेला हा चेहरा. आणि घरचा तो, एका संध्याकाळी घडून सकाळी उतरणारा. हात जोडताना तिला नथ बसवणारी मोठ्या मायची बोटं दिसत होती.

आता परात तिच्या पुढ्यात असते. गेल्या श्रावणात सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर तिने नातीला जवळ ओढलं, तिचं नाव मोठ्याने उच्चारलं आणि गव्हात हात घातला. जाऊबाईंनी वर पाहिलं. पोरगी मात्र दाणे निरखत होती. “आजी,” ती म्हणाली, “वरची पाव मूठ राहिली.”