चिंचेची फांदी

आमच्या घरामागची चिंच आज्यानं लावलेली. बुंधा दोघांच्या कवळ्यात मावत नाही. तिची एक फांदी पश्चिमेला गेली ती थेट दादाच्या घराच्या पत्र्यावर. मागच्या वळवात तिच्या बेचक्यात चीर पडली. वारा सुटला की करकर आवाज यायचा, आणि वहिनी नातवंडांना घेऊन आमच्या सोप्यात निजायला यायची. झाड तोडायचं कुणाच्याच मनात नव्हतं. फांदी मात्र उतरवायला पाहिजे होती.

लाकूडतोड्या आला, वर बघून म्हणाला, "पाडायला जागाच न्हाई. पत्रा जाईल, भिंत बी जाईल. हायड्रा बोलवा."

दादा एका शब्दात हो म्हणाला. एरवी पाच रुपयाला घासाघीस करणारा माणूस. पण मला कारण ठाऊक होतं.

1975 साली मी दहावी होऊन घरी बसलो होतो. याच चिंचेची दुसरी फांदी गोठ्यावर आली होती. विहिरीवर इंजिन बसल्यामुळं मोटेचा नाडा रिकामा पडला होता, तो आबांनी काढला. फांदीला बांधला, वरच्या बेचक्यातून घेतला आणि शेवट आम्हा दोघा भावांकडं दिला. "बुंध्याला दोन वेढे मारा, मग धरा," असं सांगून आबा वर चढले. वेढे मारले की भार झाड घेतं, माणसानं नुसती शेवट धरून सैल सोडत जायचं. पण नाडा ताठर, वळेना. मीच म्हणालो, "आपण दोघं हाय की, वेढा कशाला?" दादानं शेवट तळहाताला गुंडाळून घेतली.

आबांनी खालून खाच न घेता वरूनच कुऱ्हाड चालवली. फांदी निम्म्यात फाटली आणि साल ओरबाडत एकदम खाली आली. नाडा माझ्या हातातून सुटला. दादाच्या हातातून सुटला नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली. गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं घाई केली. आबांनी ते मरेपर्यंत ऐकून घेतलं. वेढ्याचं मी कुणाला बोललो नाही. दादाही बोलला नाही.

हायड्रा सकाळी आठला आला. चालवणारा पोरगा विशीतला. म्हणाला, "काका, चौदा टन उचलतो. एका झटक्यात घेतो."

दादा म्हणाला, "भरलेली घागर काखेत धरतोस तशी हात लांब करून धरून दाखव. मग चौदा टनाचं बोल."

पोरगं हसलं, पण केबिनमधला तक्ता बघायला गेलं. बूम जितका लांब, तितकं वजन कमी, हे त्यात लिहिलेलंच असतं. दादानं सुतळी घेऊन फांदीचा घेर मापायला लावला. वखारीतला हिशेब त्याला तोंडपाठ. घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. जाड तुकडा सहा फूट घेर, सोळा फूट लांब, म्हणजे छत्तीस घनफूट. वखारवाला या मापात आपल्याला चांगला चौथाईनं मारतो, म्हणून ते सव्वापट करायचं, पंचेचाळीस. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं तर घनफुटाला 28 किलो. पाल्यासकट दीड टनाच्या आसपास. पोरानं तक्त्यावर बोट ठेवलं, मान हलवली.

तरी दादानं तीन तुकडे करायला लावले, शेंड्याकडून सुरुवात. पट्टा आखूड फांदीच्या बेचक्यामागं घातला, म्हणजे सालीवरून घसरत नाही. हुक बरोबर वर आणून आधी पट्टा ताणून घेतला, मगच मशीन चालू. जास्त ताणला तर तुकडा सुटताना वर उसळतो, कमी ताणला तर खाली हिसका देतो, आणि तो हिसका वजनाच्या कितीतरी पट बसतो. आधी खालून काप, मग वरून. शेवटचं दोन बोटं लाकूड राहिलं की वरचा माणूस बाजूला सरकणार आणि मगच पुढचं. खाली कुणी उभं राहायचं नाही. दादा त्या उरलेल्या दोन बोटांनीच खुणा करत होता, आणि पोरगं त्याच्याशिवाय कुणाकडं बघत नव्हतं.

तिसरा तुकडा मोठा. तो सुटल्यावर घराकडं झोका घेणार होता, म्हणून बुडख्याला एक दोर बांधला. दादानं तो दोर माझ्याकडं टाकला. मी शेजारच्या लिंबाला वेढे मारले आणि शेवट मोकळी धरली.

तुकडा सुटला. दोर लिंबावर करकरला, साल थोडी सोलली. माझ्या हाताला वासराच्या ओढीइतकीच ओढ लागली. दीड टन लाकूड पत्र्यावरून हातभर वर तरंगत गेलं आणि परड्यात टेकलं. पत्र्यावर नुसता पाला पडला.

दादा माझ्याजवळ आला, लिंबाकडं बघितलं.

"किती मारलंस?"

"दोन."

"आबा बी दोनच म्हणलं हुतं," तो म्हणाला, आणि पट्टा सोडवायला गेला.