अंडे चालते

गेल्या महिन्यात ऑकलंडहून पुतण्याने एक छायाचित्र पाठविले आणि खाली एवढेच विचारले, "काका, बाबांची ही पहिली गाडी कोणती? प्रीव्हियाच ना?" दादाला जाऊन आता चार वर्षे झाली. छायाचित्र १९९८ चे. त्याची एक प्रत आमच्याही संग्रही आहे. ती काढून, भिंग घेऊन आम्ही बसलो.

मोटारी ओळखणे हा आमचा प्रांत नव्हे. पाठभेद तपासणे मात्र आहे, आणि प्रकरण बरेचसे तसेच निघाले. टोयोटाने १९९० साली जपानमध्ये 'एस्टिमा' या नावाने जे वाहन आणले, तेच अमेरिकेत व युरोपात 'प्रीव्हिया' आणि ऑस्ट्रेलियात 'टॅरागो' म्हणून विकले गेले. जपानी नियमांप्रमाणे लहान मोटारींच्या वर्गासाठी लांबी ४.७ मीटर व रुंदी १.७ मीटर ही मर्यादा. एस्टिमा तीत मावेना. म्हणून १९९२ साली अंग चोरलेल्या दोन आवृत्त्या निघाल्या: 'एमिना' आणि 'लुसिडा'. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीचे निर्बंध सैल केल्यावर जपानमध्ये वापरलेल्या मोटारी जहाजांनी तिकडे येऊ लागल्या. दोन्ही देशांत वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे स्टिअरिंगचाही प्रश्न नव्हता. छायाचित्रात दादाच्या खांद्यामागे, मागील दारावर चार रोमन अक्षरे दिसतात: सी, आय, डी, ए. म्हणजे प्रीव्हिया नव्हे, लुसिडा. पाठनिश्चिती झाली.

परंतु दादाच्या पत्रांत यांपैकी एकही नाव नाही. त्याने आईला लिहिले होते, "अखेर अंडे घेतले. जुने आहे, पण छान चालते."

आमचे घर माळकरी. आईने ते पत्र दोनदा वाचले आणि देवघरात जाऊन बसली. 'अंडे चालते' या शब्दांचा मराठी स्वयंपाकघरात एकच अर्थ होतो. तिने रागावून काही लिहिले नाही. उत्तराच्या शेवटी फक्त एक ओळ होती: "परमुलखात राहायचे म्हणजे चालायचेच. एकादशी तेवढी पाळ."

पुढील पत्रातून हे छायाचित्र आले, आणि वाच्यार्थाने केलेला अनर्थ उलगडला. या गाडीचे इंजिन जवळजवळ आडवे निजवून पुढच्या आसनांखाली ठेवलेले असते. त्यामुळे नाक आखूड, आणि काच थेट छपरापर्यंत उतरती होत जाते. आकार खरोखरच अंड्याचा. जपानमध्ये तिची जाहिरातच 'तेन्साय तामागो', म्हणजे 'प्रज्ञावंत अंडे', अशी झाली होती. अमेरिकेतील प्रीव्हियाचे चाहतेही तिला अंडेच म्हणतात. जपानी भाषेत शिकाऊ डॉक्टरला 'डॉक्टरचे अंडे' म्हणण्याची रीत आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. दादा तेव्हा तेथे अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्या हिशेबाने तोही अंड्यातच होता.

लक्षणा शिकविताना आम्ही गंगेवरील गवळीवाड्याचे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो. मुख्यार्थाला बाध आल्याखेरीज लक्षणा प्रवृत्त होत नाही, असे फळ्यावर लिहितो. आईच्या बाबतीत अडचण हीच होती की मुख्यार्थाला कोठेही बाध येत नव्हता. तिकडे गेलेला मुलगा अंडे खाणे अगदी शक्य होते. तिने तो अर्थ स्वीकारला, आणि त्यासह मुलालाही. ती एक ओळ लिहिताना तिला काय पडले असेल, हे विचारण्याचे त्या वयात आम्हांला सुचले नाही. गैरसमज फिटल्यावर ती मनमुराद हसली, आणि पुढे कितीतरी पत्रांच्या शेवटी विचारीत राहिली, "अंडे कसे आहे?"

पुतण्याला आम्ही 'लुसिडा' असे कळविले, आणि मग हेही सारे लिहिले. त्याचे उत्तर रात्री आले: "काका, आजीची ती पत्रं बाबांनी ठेवली आहेत. मला मराठी नीट वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवाल?"

येत्या रविवारपासून वाचणार आहोत.