चित्रकथांमागचे चेहरे

मुलांच्या हाती चित्रकथांचे पुस्तक दिसले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हे का वाचन म्हणावयाचे?’ हा शेरा तर ठरलेलाच. हा अनुभव एकाच देशातला नव्हे. अमेरिकेत अशी पुस्तके लाखांनी खपत. परंतु तेथेही एके काळी त्यांच्या होळ्या पेटल्या. 1954 साली तेथील सिनेटच्या एका समितीने या पुस्तकांची चौकशी केली. मुले बिघडतात ती यांच्यामुळेच, असे एका नामांकित मानसोपचारतज्ज्ञाने समितीपुढे ठासून सांगितले. भयभीत झालेल्या प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियम लादून घेतले. या कथा लिहिणाऱ्यांनाही आपल्या धंद्याचा संकोच वाटे. ‘स्पायडर-मॅन’चा एक जनक स्टॅन ली याचे खरे नाव स्टॅनली लीबर, पुढेमागे एखादी थोर कादंबरी लिहू तेव्हा उपयोगी पडेल, म्हणून ते नाव त्याने जपून ठेविले आणि चित्रकथांवर टोपणनाव घातले! ती कादंबरी काही झाली नाही, आणि टोपणनाव मात्र जगभर गाजले.

अशा या हिणवलेल्या कलेवर एका छायाचित्रकाराने जन्मभर प्रेम केले. त्याचे नाव सेथ कुश्नर. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात 1973 साली तो जन्मला आणि तेथेच वाढला. माणसांची व्यक्तिचित्रे टिपणे हा त्याचा व्यवसाय. मोठमोठ्या अमेरिकन नियतकालिकांत त्याची छायाचित्रे झळकत. 2007 मध्ये अँथनी लासाला या लेखकाच्या साहाय्याने त्याने ‘द ब्रुकलिनाइट्स’ हे पुस्तक काढिले. त्यात आपल्या गावची माणसे आहेत. नामवंत आहेत, तशीच साधीसुधीही आहेत.

व्यक्तिचित्र टिपणे हे दिसते तितके सोपे काम नाही. कॅमेरा समोर आला, की माणूस अवघडतो. चेहऱ्यावर उसने हसू आणतो. तो मोकळा होईपर्यंत छायाचित्रकाराला धीर धरावा लागतो, त्याच्याशी चार गोष्टी बोलाव्या लागतात. आणि ज्याच्या कथा बालपणापासून वाचल्या, त्याच्याशी बोलण्यास विषय का कमी पडणार? कुश्नरला या आवडीचा असा उपयोग झाला असला पाहिजे.

त्याच्या मनात एक प्रश्न होता. सुपरमॅनला, बॅटमॅनला पोरेसोरे ओळखतात. पण त्यांना कागदावर उतरविणाऱ्यांना कोण ओळखतो? लेखक ख्रिस्टोफर आयर्व्हिंग याच्यासह तो या कलावंतांच्या शोधास निघाला. आयर्व्हिंगने त्यांच्या हकिकती लिहिल्या, कुश्नरने त्यांचे चेहरे टिपले. त्यांतून 2012 मध्ये ‘लीपिंग टॉल बिल्डिंग्ज’ हे पुस्तक सिद्ध झाले. उत्तुंग इमारती एका उडीत ओलांडण्याच्या सुपरमॅनच्या सामर्थ्यावरून हे नाव घेतलेले आहे.

या पुस्तकात जो सायमन आहेत. ‘कॅप्टन अमेरिका’ हा वीर त्यांनी व जॅक कर्बी यांनी मिळून निर्माण केला. डिसेंबर 1940 मध्ये विक्रीस आलेल्या त्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो वीर हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. अमेरिका युद्धात उतरावयास तेव्हा अजून एक वर्ष अवकाश होता! दोन तरुण चित्रकारांनी जे धैर्य दाखविले, ते त्या वेळी पुष्कळ मुत्सद्द्यांपाशी नव्हते.

जेरी रॉबिन्सन यांची कथा तर अधिकच रम्य. सतरा वर्षांचा हा मुलगा 1939 साली पांढऱ्या अंगरख्यावर स्वतः चित्रे रंगवून हिंडत होता. ती चित्रे बॅटमॅनचे चित्रकार बॉब केन यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी त्याला कामावर घेतले. पुढेही रॉबिन्सन यांना आपल्या व्यवसायबंधूंचा विसर पडला नाही. जेरी सीगल व जो शुस्टर या मित्रांनी 1938 साली सुपरमॅनचे सर्व हक्क अवघ्या 130 डॉलरांना विकले होते. त्यांच्या नायकावर इतरांनी अमाप धन मिळविले, आणि उतारवयात हे दोघे विपन्नावस्थेत दिवस कंठीत होते. नील अ‍ॅडम्स व रॉबिन्सन यांनी त्यांचा कैवार घेतला, वृत्तपत्रांतून आवाज उठविला. अखेर 1975 मध्ये त्या दोघांना सालिना वेतन सुरू झाले, आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांची नावे पुनः छापली जाऊ लागली.

पण सायमन व रॉबिन्सन या दोघांनाही छापलेले पुस्तक पाहावयास मिळाले नाही. डिसेंबर 2011 मध्ये, एका आठवड्याच्या अंतराने, ते निवर्तले. सायमन 98 वर्षांचे होते, रॉबिन्सन 89 वर्षांचे. कुश्नर आणखी थोडा काळ स्वस्थ बसला असता, तर ही छायाचित्रे कधीच निघाली नसती.

हे भाग्य बिल फिंगर यांना लाभले नाही. बॅटमॅनच्या पहिल्या कथा त्यांनी लिहिल्या, त्याच्या वेषातही त्यांनी फेरफार सुचविले. पण नाव लागले ते एकट्या केन यांचे. 1974 साली फिंगर जवळजवळ अज्ञातच वारले. त्यांची छायाचित्रेदेखील फार थोडी सापडतात.

कुश्नरला चित्रे पाहून व टिपून समाधान नव्हते. त्याला चित्रकथा रचावयाची होती. म्हणून त्याने छायाचित्रांच्याच चौकटी मांडल्या, त्यांत बोलण्याचे फुगे घातले आणि कलावंतांची चरित्रे सांगितली. छायाचित्रात काळ थांबतो आणि चित्रकथेत तो चौकटीचौकटीने पुढे सरकतो. या दोहोंची गाठ त्याने अशी घातली. पुढे त्याने आपल्याच तारुण्यातील फजितीच्या गोष्टी लिहिल्या आणि त्या निरनिराळ्या चित्रकारांकडून रेखाटून घेतल्या. ज्यांच्याकडे तो चाहता म्हणून गेला, त्यांच्यातलाच तो एक झाला.

2014 मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग जडला. 17 मे 2015 रोजी त्याचे निधन झाले. तेव्हा तो अवघा 41 वर्षांचा होता. त्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबरात, बॅटमॅनच्या निर्मितीचे श्रेय बिल फिंगर यांनाही दिले जाईल, असे प्रकाशकांनी जाहीर केले. ही वार्ता ऐकावयास कुश्नर उरला नव्हता.