काटा खाली, बार वर

आमच्या जिममध्ये नव्याने येणाऱ्यांपैकी बरेच जण डॉक्टरांनी दम भरल्यावर आलेले असतात. शुगर वाढू लागलेली, जिना चढताना गुडघे कुरकुरणारे. ते सरळ ट्रेडमिलकडे वळतात आणि बारकडे लांबूनच बघून म्हणतात, "सर, आधी बारीक होतो, मग वेट्स करू." मी त्यांना ट्रेडमिलवरून खाली बोलावतो. वजन उतरवणं आणि ताकद वाढवणं एकाच वेळी कुणाला जमत असेल, तर ते नवख्यालाच. दहा वर्षं बार उचलणाऱ्याच्या वाट्याला ते फारसं येत नाही.

माझं सुरुवातीचं शिक्षण तालमीतलं. तिथे वस्तादांचा हिशेब साधा होता: मेहनत वाढवायची तर खुराक वाढवा. दूध, तूप, बदाम, थंडाई. पैलवानाच्या बाबतीत तो बरोबरच आहे. त्याच्या अंगावर खर्चायला चरबी फारशी नसते, त्यामुळे लागणारा माल बाहेरूनच आणावा लागतो. पण ऑफिसात बसून पंच्याण्णव किलोला पोचलेल्या गृहस्थाकडे साठा भरपूर असतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. जेवणातून रोज चारशे-पाचशे कॅलरी कमी केल्या, तर ती तूट भरून काढायला शरीराला त्या साठ्यात हात घालावाच लागतो. नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यातून तीनदा जड वजन उचललं आणि प्रोटीन पुरेसं घेतलं, तर स्नायू बऱ्याच अंशी वाचतात. नवख्याचे तर थोडे वाढतातही.

आणि सुरुवातीची ताकद मुख्यतः स्नायू वाढून येतच नाही. पहिल्या काही आठवड्यांत बारवरचं वजन भराभर चढतं, कारण मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. आजवर स्वस्थ बसलेले तंतू हाकेला ओ देतात, मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकमेकांच्या आड येणं कमी होतं. सायकल शिकण्यासारखंच आहे हे, आणि सायकल शिकायला कुणी खुराक वाढवत नाही.

म्हणून पहिले काही दिवस मी आकड्यांकडे बघतच नाही, फक्त स्क्वॉट शिकवतो. तोही २० किलोच्या बारने नव्हे. आधी खुर्चीवर बसा-उठा, मग छातीशी धरलेला हलका डंबेल, मग बार. इथे एक गंमत कायम दिसते. जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरणाऱ्या काकू पहिल्याच दिवशी खालपर्यंत व्यवस्थित बसतात आणि पंचविशीतला संगणकवाला अर्ध्यावर अडकतो, टाचा उचलतो. काकूंना फक्त पाठ ताठ ठेवायची आणि पोट आवळायचं सांगावं लागतं. त्याला मात्र घोटे आणि खुबे मोकळे करण्यापासून सुरुवात. बीपी असलेल्यांना मी श्वास कोंडून वजन उचलू देत नाही. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. त्यांनी वर येताना श्वास सोडायचा.

खाण्याचा प्रश्न आपल्या ताटात जास्त बिकट आहे. सर्वसाधारण माणसाला आयसीएमआर दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगते. कमी खाऊन वजन उचलणाऱ्यासाठी मी १.६ धरतो, म्हणजे ८० किलोच्या माणसाला १२८ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीतून त्यातले पाच-सहाच मिळतात. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. साबुदाण्यात जवळपास काहीच नाही. शेंगदाण्यात प्रोटीन आहे, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. कूट सढळ हाताने घालणाऱ्या घरात हे सांगायला धाडस लागतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

काट्यावर माझा फारसा विश्वास नाही. डाएट सुरू झालं की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि घरी आनंदीआनंद होतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा घटला की तेही जातं. मग दोन आठवडे काटा ढिम्म हलत नाही. एक निवृत्त शिक्षिका याच टप्प्यावर रागावून म्हणाल्या, "सर, मी तुमचं सगळं ऐकतेय, पण काटा माझं ऐकत नाही." मी त्यांची वही उघडली. डेडलिफ्ट रिकाम्या बारवरून ४० किलोवर पोचला होता. "आणि मॅडम, कंबर?" मोजली, तर ती उतरली होती. त्या वहीकडे बघत राहिल्या. पेपर तपासताना बघत असतील तशाच.

सगळे व्यायाम सारखे वागत नाहीत. वजन उतरताना पुल-अप सोपा होत जातो, उचलायचा देहच हलका झालेला असतो. बेंच प्रेस मात्र आधी रुसतो. डेडलिफ्ट सहसा शेवटपर्यंत साथ देतो. बार अडला की लोक कार्डिओ वाढवतात, मला ते चूक वाटतं. आधी झोप बघावी, मग ताट. तरीही अडलाच, तर दोन आठवडे तूट न ठेवता पोटभर जेवावं आणि पुन्हा सुरुवात करावी.

एक विनंती जिम चालवणाऱ्यांना. बऱ्याच ठिकाणी सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन बाजूंना दोन लावल्या की बार एकदम पाच किलोने वाढतो. डोक्यावर २० किलो ढकलणाऱ्या बाईला ती पाव पटीची उडी झाली आणि ती तिथेच थांबते. स्वतःला ताकद नाही असं समजून ट्रेडमिलकडे परत जाते. अर्ध्या किलोच्या प्लेटांची एक जोडी आणली तर तिच्यासाठी २१ किलोची पायरी तयार होते. पुढचं ट्रेडमिल घेण्याआधी तेवढी जोडी आणा.